दोन पैशांचा चिरूट

पूर्णा, ता. २ एप्रिल १९५४

ती. किशनराव दाजींना व्यंकटीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडं आमी समदे खुशाल. सटवाजी बोरीला यायलाय, त्याच्यासंगं चिरुटांची एक जुडी धाडलीय. रूप बघून नाक मुरडू नका. काळे हायत, वाकडे हायत, पण आमच्या रेल्वेचे गार्डसाहेब दक्षिणेकडनं आणतात आन् आण्याला दोन देतात. तुमची बिडी चार झुरक्यांत खलास. हा पूर्णेला पेटवला तर परभणी येईस्तोवर साथ देतो. घाई तेवढी करू नका. धूर गिळायचा न्हाई, तोंडात घोळवायचा आन् सोडायचा.

आता एक पेटवा, मग पुढचं वाचा. छबूचं लग्न वैशाखात. देवक बसवायला घरचा थोरला पाहिजे, म्हंजे तुमचे माणिकरावदादा. विहिरीच्या पाळीवरनं तुमी भांडलात, मला थोरला भाऊच न्हाई असं भर चावडीत बोललात, आन् ते गंगाखेडला सासरच्या शेतावर निघून गेले. तीन वर्सं झाली. आक्का अजून डोळ्याला पदर लावती. लेकीसाठी तरी जाऊन या.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पण मेव्हण्यावरची माया पातळ करू नका.

आपला,
व्यंकटी


बोरी, ता. ११ एप्रिल १९५४

चि. व्यंकटीस अनेक आशीर्वाद.

पहिला चिरूट पेटवला तवा तुझी आक्का धावत आली, गोठ्यात गोवऱ्या पेटल्या काय म्हणून. शेजारचा मुंजाजी वासावर आला आन् अजून रोज येतोय. पर काय चीज हाय गड्या! पहिल्यांदा जरा कडू, मग भाजलेल्या शेंगांवाणी खमंग, शेवटाला गूळ चाटल्यावाणी. दोन पैशांत नवाबी! जेवून बसलं की ऊन उतरंपर्यंत दुसरं काही नको वाटतंय.

गंगाखेडचं मला शिकवू नकोस. पोस्टानं पत्रिका धाडलीय. यायचं त्यांनी यावं, न्हाई तर ऱ्हावं. मी जाणार न्हाई. पण खरं सांगू? देवकाचा इषय निघाला की घास उतरत न्हाई. बोललो ते वंगाळच बोललो. आता कुठल्या तोंडानं जाऊ?

पोराबाळांना आशीर्वाद. राग धरू नको, पत्र धाड.

तुझा,
किशनराव दाजी


बोरी, ता. २५ एप्रिल १९५४

चि. व्यंकटीस अनेक आशीर्वाद.

काल लय गंमत झाली. दुपारी गोठ्यापाशी बसलो होतो. चिरूट ऐन रंगात. मागं कुणीतरी खाकरलं. वळून बघतोय तर दादा! पेटता चिरूट तसाच बंडीच्या खिशात कोंबला आन् ताडकन उभा ऱ्हायलो. जन्मात त्यांच्यासमोर बिडीसुद्धा ओढली न्हाई, दुसरं सुचंल कसं?

दादांनी विचारलं, पोस्टानं बोलावणं भावाला धाडतात का पाव्हण्याला? तोंड उघडावं तर आतला धूर भाईर येईल, म्हणून मी गप्प. तवर खिसाच धुमसाय लागला. चटका बसला तरी जागचा हललो न्हाई. शेवटी दादांनीच बैलाची बादली उचलली आन् माझ्या अंगावर ओतली. मग शांतपणे म्हणाले, थोरला भाऊ न्हाई म्हणाला होतास ना किशन? मग हे लपवलंस कुणापासून?

पाय धरले रे मी. लेकरावाणी रडलो. दादांनीच हाताला धरून उठवलं. देवकाला ते आन् वहिनी बसणार.

नंतर त्यांनी जुडीतले दोन चिरूट उचलले आन् गोठ्याच्या भिंतीपल्याड जाऊन बसले. मी अल्याड. भिंत मधी, म्हणून अदब ऱ्हायली, आन् दिवस मावळंपर्यंत तीन वर्सांचं बोलणं झालं.

तू लग्नाला चार दिस आधी ये. येताना दोन जुड्या आण, अलग अलग बांधून. एक त्यांना दे, एक मला. पण बाबा, एकमेकांसमोर देऊ नकोस!

वाट बघायलोय. जीव लावतोस तसाच लावत ऱ्हा.

तुझा,
किशनराव दाजी