पायरी बुटकी का झाली

प्रिय अक्का,

प्रभूमध्ये तुला तुझ्या धाकट्या भावाचा सलाम. गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसतं बाटलीकडे बघून समाधान मानतेस? वसतिगृहातून निवृत्त झाल्यापासून दटावायला पोरी उरल्या नाहीत, म्हणून तू भिंतींशी भांडतेस, असं तुझी शेजारीण म्हणते. खरं का? मी प्रभूकृपेने धडधाकट आहे, फक्त कंबर, खांदे आणि दोन्ही तळहात सोडून.

अनाथ मुलांसाठी घर बांधायला स्वयंसेवक हवेत, असं पाळकसाहेब उपासनेच्या शेवटी म्हणाले आणि मंडळी मागच्या दाराने सटकली. मी पेटी वाजवत होतो, शेवटचं गीत अर्धं सोडून पळणार कसा? तर असा मी स्वयंसेवक! सोबत वकीलबाई (बांधकामाचा अनुभव म्हणजे एकदा कोर्टातून कुणाची तरी भिंत पाडायला लावलेली) आणि दातांचे डॉक्टर. डॉक्टर दोन विटांमधल्या फटीत चिमूटभर सिमेंट भरतात, दाबतात, मान वाकडी करून बघतात. विटेला ‘तासभर काही खाऊ नका’ एवढंच सांगायचं बाकी ठेवतात.

त्यात विटांचा प्रत्येक थर प्रार्थनेने सुरू करायचा, हा पाळकसाहेबांचा नियम. त्यांची प्रार्थना पहारेकऱ्याच्या सर्दीपासून निघते आणि जगातल्या यच्चयावत राज्यकर्त्यांना सद्बुद्धी मिळाल्याशिवाय आमेनपर्यंत पोचत नाही. तोवर घमेल्यातल्या सिमेंटचा दगड! पहिल्याच दिवशी माझी थापी त्यात कायमची गेली. गवंडीबुवाही आपल्याच मंडळीतले, शिवी द्यायची सोय नाही. पण ते असं काही ‘आमेन’ म्हणाले की मी दोन पावलं मागे सरकलो.

काल दारातली पायरी माझ्याकडे दिली. मी ती निम्म्या उंचीची केली आणि बाजूला हाताला धरायला भक्कम कठडा बसवला. गवंडीबुवांनी माझी चारचौघांत बिनपाण्याने केली. ‘ही काय पायरी झाली? हिच्यावरून कोंबडीसुद्धा अडखळायची नाही!’ सगळे खो खो हसले. मी कठडा पुन्हा एकदा हलवून बघितला.

मुलं अजून चर्चच्या हॉलमध्ये बाकं जोडून झोपतात. त्यातली एक चिमुरडी, आम्ही तिला फौजदारीण म्हणतो, रोज तपासणीला येते. खिडक्या बघते, छप्पर बघते, मग कमरेवर हात ठेवून विचारते, ‘आणि आतलं मोठं माणूस कुठंय?’ अक्का, तेच मिळत नाहीये गं. सांभाळणारी बाई मिळेपर्यंत पाळकसाहेब किल्ली देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण तिने विचारलं की आम्ही सगळे एकदम विटा उचलायला लागतो. फार वाईट वाटतं.

असो. मी पार मेटाकुटीला आलोय. तेव्हा पाळकसाहेबांना फोन कर आणि तू अंथरुणाला खिळलीस, भावाला ताबडतोब पाठवा, असं सांग. मी डोळे पुसत सामान बांधतो.

तुझा,
अर्धमेला भाऊ

ता. क. फोन मुळीच करू नकोस. पाळकसाहेब तिथल्या तिथे तुझ्यासाठी प्रार्थनेला उभे राहतील आणि आणखी एक घमेलं वाया जाईल.

ता. क. (दुसरा) त्यापेक्षा तूच ये. राहायलाच ये. फौजदारिणीला मी आज सांगून बसलोय की मोठं माणूस येतंय, जरा रागीट आहे, पण झोपताना गोष्टी छान सांगतं. तिने हॉलमधली उशी आत्ताच काखेत मारली आहे. आता मला तोंडघशी पाडू नकोस.

ता. क. (शेवटचा) पायरीची काळजी करू नकोस. तुझ्या गुडघ्याला विचारूनच केली आहे.