पांढरी रेघ

३ डिसेंबर, सोमवार

उपाशी २४१.

नर्सबाईंनी सांगितलंय, रोज आकडा लिहायचा आणि हातापायांना काय वाटतं तेही लिहायचं. हाताला काय वाटतं? काहीच वाटत नाही — तेच तर दुखणं! एवढं लिहून वही मिटली होती. मग परत उघडली. इथं नाही लिहिलं तर बोलणार कुणाशी? माझ्या बायकोला, इत्तोला, साखरेचं माहीत आहे, बोटांचं नाही. तिला सांगितलं की दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणींना कळतं आणि तिसऱ्या दिवशी अख्ख्या मिदेल्त गावाला. हद्दूला तर काहीच कळता कामा नये. गॅरेजात आमची सव्वीस वर्षांची भागीदारी आहे. बोटं गेलेला मेकॅनिक त्याने का पोसावा?

गेल्या महिन्यात चालू गाडीच्या सायलेन्सरवर हात टेकून मी मजेत गप्पा मारत होतो. हद्दू म्हणाला, "काय जळतंय रे?" जळत होता माझा तळवा. मी सांगितलं, ग्रीस असेल. मग पट्टी बांधायला दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरने रक्त काढलं, डोळे मिटायला लावले आणि टाचणीने एकेक बोट टोचलं. कुठलं बोट, ते मी सांगायचं. दहातली तीन कळली. बाकीची मी ठोकून दिली.

वही गॅरेजमध्येच ठेवणार. पिस्टन रिंगांच्या रिकाम्या डब्यात.

५ डिसेंबर, बुधवार

२२८.

टॅक्सीवाल्या मोहाच्या गाडीचे टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या फटी. पूर्वी डोळे झाकून करायचो. फटीत फिलरची, म्हणजे फट मोजायची, पातळ पट्टी घालायची आणि ओढायची. अगदी किंचित अडली पाहिजे — लोण्यातून सुरी ओढावी तशी, असं आमचे उस्ताद सांगायचे. आता मला लोणीही कळत नाही आणि सुरीही.

म्हणून युक्ती काढली. एक पट्टी बारीक घ्यायची, एक तिच्याहून जाड. बारीक गेली पाहिजे, जाड अडली पाहिजे. जाते की नाही हे तर डोळ्यांना दिसतं! वेळ दुप्पट लागतो, पण काम बरोबर होतं. बोल्टाचे आटे मेलेत का हे बोटाने नाही समजत, ओठाला लगेच समजतं. आज तसंच पाहत होतो तेवढ्यात हद्दू आला.

"चाखून बघतोस का? मीठ कमी पडलं असेल."

मी हसलो. तोही हसला, पण जरा उशिरा.

७ डिसेंबर, शुक्रवार

आकडा घेतला नाही. दुपारी इत्तोने रव्याचा कुसकुस केला होता, वर गोड कांदा आणि बेदाणे. कोण थांबणार?

१० डिसेंबर, सोमवार

२६०. उरलेल्या कुसकुसची कृपा.

नट हातातून निसटला की जमिनीवर पडल्याच्या आवाजानेच मला कळतं. आज चार वेळा. आता पान्याच्या वाटीत आधी ग्रीसचा गोळा भरतो, त्यात नट चिकटून राहतो. खोलताना निघालेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात ओळीने खोचतो. कुठून निघाला, कुठे जायचा, सगळं समोर दिसतं. या नवशिक्यांच्या युक्त्या, उस्तादांनी पहिल्या वर्षी शिकवलेल्या. पन्नाशीत पुन्हा पहिलीत बसलोय.

पण घट्टपणाचं काय करायचं? बोल्ट बसत आला की पाना जड होतो, मग एक क्षण येतो की तो आणखी मागत नाही. हा क्षण डोळ्यांना दिसत नाही. तो हातालाच कळतो. मी कान देतो — घट्ट बसताना बोल्ट किंचित कुरकुरतो. समोरच्या लोहाराने ठोकायला सुरुवात केली की तेही ऐकू येत नाही.

१२ डिसेंबर, बुधवार

आज रंगाचा डबा वाळला होता. थिनर घालून पातळ केला आणि उस्तादांची फार आठवण आली.

त्यांचा नियम होता. बोल्ट शेवटचा आवळला की बारीक ब्रशने त्यावर रेघ ओढायची, बोल्टाच्या डोक्यावरून थेट खालच्या लोखंडापर्यंत. बोल्ट पुढे कधी फिरला तर रेघ तुटते, लांबूनही दिसतं. मला त्यांनी पांढरा रंग दिला, हद्दूला पिवळा. कुणाचं काम, कुणाची जबाबदारी, वाद नको. पाना न फिरवता रेघ ओढली तर ती खोटी साक्ष, असं सांगायचे. आणि दुसऱ्याच्या रेघेपाशी आपली रेघ कधीच ओढायची नाही. तसं करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. एकदा हद्दूने तरुणपणी मस्करीत माझ्या बोल्टावर पिवळी रेघ ओढली होती. उस्तादांनी आठवडाभर त्याला नुसतं झाडू मारायला लावलं.

आज मी सोळा रेघा ओढल्या. किती खऱ्या, किती खोट्या, मला माहीत नाही. हे लिहिताना लाज वाटते आहे.

१७ डिसेंबर, सोमवार

सकाळी चहाच्या टपरीवर बातमी आली. तल्घम्तच्या घाटात पांढरी टॅक्सी खाली दरीत गेली.

मोहाची टॅक्सी पांढरी. काल संध्याकाळी तिची पुढची दोन्ही चाकं मी केली होती. पहाटे तो सहा माणसं भरून घाटाकडेच गेला होता. मोहाचा फोन लागेना. घाटात कुठे लागतो? मी गॅरेजबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. हद्दूने दोनदा आत बोलावलं, गेलो नाही. बर्फ भुरभुरत होतं. मी मनातल्या मनात ते दहा बोल्ट पुन्हा आवळत होतो. डाव्या चाकाचा तिसरा आठवेना. कुरकुरला होता की नव्हता? लोहार तेव्हा ठोकत होता का?

दोनच्या सुमारास मोहा आला. टॅक्सी उभी केली, खाली उतरला आणि विचारलं, "उस्ताद, असे काय उभे? आत चहाबिहा आहे का नाही?"

टॅक्सी नव्हतीच ती. ईदसाठी मेंढ्या घेऊन जाणारा छोटा ट्रक घसरला होता, पांढरा. ड्रायव्हर वाचला. बारा मेंढ्या मेल्या.

मी मागे जाऊन टायरच्या ढिगावर बसलो आणि रडलो. मग ठरवलं, हद्दूला सांगायचं. आजच.

१८ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं नाही.

२१ डिसेंबर, शुक्रवार

ईद. हद्दू आणि त्याची बायको दरवर्षीसारखे आले. मेंढीचं काळीज भाजताना मी निखाऱ्यावरची सळई उघड्या हाताने उचलली. हद्दूने ती माझ्या हातून काढून घेतली आणि फडक्यात धरली. इत्तो म्हणाली, याचे हात म्हणजे निव्वळ लोखंड. सगळे हसले. हद्दू सळई उलटसुलट करत बसला.

२९ डिसेंबर, शनिवार

२१२.

मी भोळा नाही. या महिन्यात तिसऱ्यांदा असं झालं. माझं जुनं गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं, मी उठेपर्यंत हद्दू बॉनेट उघडून उभा असतो. "मी बघतो, तू बस." मोहासुद्धा आता त्याच्याकडेच जातो! माझ्या हाताखालून गेलेली एकही गाडी परत माझ्या हाताखाली येत नाही. नवी येईल ती माझी, परत येईल ती त्याची.

आणि संध्याकाळी रोज तेच. "तू जा, कुलूप मी लावतो." आज माझा मफलर राहिला म्हणून परत आलो. पाहतो तर काय, मी नुकत्याच हातावेगळ्या केलेल्या टॅक्सीखाली हद्दू आडवा! हातात टॉर्च. दचकून बाहेर आला.

"पाना राहिला होता माझा."

त्याचे सगळे पाने भिंतीवर टांगलेले होते. मी मोजले.

माझ्या चुका शोधतोय तो, दुसरं काय! चार-सहा जमल्या की माझ्यापुढे मांडणार. मग म्हणणार, बस्सू, आता घरी बस.

३ जानेवारी, गुरुवार

शेवटी तोंड उघडलं मी. विचारलं, "माझी गिऱ्हाइकं ओढतोस का रे?"

हद्दू हात पुसत होता. "तुझी-माझी कधीपासून झाली?"

"तू केलीस तेव्हापासून."

त्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि गाडीखाली गेला. दिवसभर आम्ही बोललो नाही. ऑलिव्ह आणि डाळ एकाच ताटात खाल्ली, भाकरी मोडून एकमेकांपुढे ठेवली, पण बोललो नाही. सव्वीस वर्षांत असा दिवस आठवत नाही.

५ जानेवारी, शनिवार

हद्दूची आई आजारी आहे, तो गावी निघाला. चार-पाच दिवस लागतील. निघताना पिशवी खांद्याला लावून दारात घुटमळला.

"मी येईपर्यंत ब्रेकचं काम घेऊ नकोस. स्टिअरिंगचंही नको. तेल बदल, फिल्टर बदल, तेवढंच कर."

माझं डोकंच फिरलं. मी त्याला म्हणालो, मी काय काल आलेला पोऱ्या आहे? ब्रेक मी तुझ्या आधी शिकलो. उस्तादांनी पहिला रंग मला दिला, तुला नाही.

"मग दुकान बंद ठेव. सुट्टी घे," एवढं बोलून तो गेला.

सुट्टी! एकदा सुट्टी घेतली की तीच कायमची होणार. आईला बरं वाटो, असं म्हणायचंही मी विसरलो. त्याच्या आईने मला लहानपणी किती खाऊ घातलंय. किती कोतं झालंय माझं मन.

८ जानेवारी, मंगळवार

१९८. दोनशेच्या खाली पहिल्यांदाच!

दुपारी झैद आला, जुनं गिऱ्हाईक. गेल्या जूनमध्ये माझ्याकडून पुढचे ब्रेक करून घेतले आणि टॅक्सी घेऊन खाली वाळवंटाकडे गेला, तिकडे प्रवासी जास्त मिळतात. सात महिन्यांनी आज तोंड दाखवलं. खजुराची करंडी घेऊन आला. (साखर! घरी नेली की इत्तो फडताळावर चढवणार.) ब्रेक दाबला की पुढून किंचाळतो म्हणाला. उद्या सकाळी परत निघायचंय, सहा सीट आधीच भरल्यात.

ब्रेकचं काम. मला हद्दूचे शब्द आठवले आणि आठवले म्हणूनच मी हो म्हणालो.

झैद खुशीत होता. म्हणाला, "पंक्चर सोडलं तर चाकाच्या आत कुणाला बोट घालू दिलं नाही मी. तुमची पांढरी रेघ आहे म्हटल्यावर घाटात मागे बसणारी माणसं झोपतात, उस्ताद. मीही झोपलो असतो, पण चालवायची असते."

हे ऐकून किती बरं वाटलं! जूनमध्ये माझे हात शाबूत होते. तेव्हाचं काम आहे ते. टॅक्सी जॅकवर घेतली, अंधार पडायला लागला म्हणून थांबलो. उद्या लवकर चाकं काढतो. हद्दू येईल तेव्हा त्याला सांगेन, केले मी ब्रेक.

९ जानेवारी, बुधवार

चाकं काढली. ब्रेकची पकड धरणाऱ्या कॅलिपरचे चारही बोल्ट जागेवर, चारींवर माझी पांढरी रेघ. आडवा होऊन मागे पाहिलं. प्रत्येक बोल्टाच्या मागल्या अंगाला, खाली निजल्याशिवाय दिसू नये अशी, हद्दूची बारीक पिवळी रेघ. जूनमधलीच, त्यानंतर आत कुणाचा हात गेलेला नाही. माझ्या बोटांचं मला नोव्हेंबरमध्ये कळलं.

तीन बोल्टांवर माझी रेघ अखंड आहे. उजव्या चाकाच्या खालच्या बोल्टावर ती तुटली आहे. बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेला चांगला अर्धा फेरा फिरला आहे, आणि पिवळी रेघ तो आवळल्यानंतरची आहे, सरळ.

ब्रेकचा आवाज घालवला. बोल्ट परत लावले, आवळले. रेघ ओढली नाही. झैदला सांगितलं, हद्दू येईपर्यंत गाडी जॅकवरून उतरणार नाही. खूप चिडला. चिडू दे.