सुनेच्या पत्रातल्या चतुर्थ्या

सोमवार, मार्गशीर्ष वद्य दशमी

आज पेडगावहून, सुनेच्या माहेरून आलं: शेरभर तीळ, एक खण आणि तिच्या भावाचं पत्र. पत्र नेहमीसारखं आधी मीच फोडलं. "महिन्यात पाच चतुर्थ्या लिहिल्यास. रविवारी न्यायला येतो."

पाच? मी जन्मभर चतुर्थी धरते, महिन्यात दोनच येतात. तिचं प्रत्येक पत्र मी वाचूनच टपालात टाकते. मग मला कसं दिसलं नाही?

विचारलं तर म्हणाली, "आत्याबाई, ज्या दिवशी तुमी जेवू दिलं न्हाई, ती चतुर्थी."

समोर बसवून लिहून घेतलं. कागद भिजून वाया जाऊ नये म्हणून आधी डोळे पुसायला लावले. "दादा, मोजायला चुकले. आता मी चतुर्थी धरतच नाही. न्यायला येऊ नकोस. तसं उलट टपाली कळव."