डाव्या पायावरची ढाल

सांगली, ता. ६ जानेवारी १९४६

ती. स्व. दादांस,
विजयमालेचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही इटलीच्या इस्पितळातून आणलेले दोन शिशाचे स्वार वहिनींनी पार्सलाने पाठवले, ते पोहोचले. एकाचा भाला वाटेत मोडला होता. आमच्या पंपांच्या कारखान्यातल्या हरिबा मिस्त्रींनी पोलादी तारेचा नवा करून दिला. लोखंडी पोशाखातला स्वार हातात धरून ते म्हणाले, ह्या गड्याला डब्यात कुणी कोंबला, आन् तहान लागली तर पानी कुठनं पितो. मी त्यांना तोंडावरची झडप दाखवली. स्वार आता दुरुस्त होऊन परत येत आहेत.

सोबत मैदानाचा पट आहे. नकाशाखात्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या रेषा गिरवते. ह्या रेषा माझ्या आहेत. मध्ये कुंपण, दोन्ही बाजूंना एकेक घोडा. तिकडचे जुने सरदार जत्रेत एकमेकांना भाल्याने घोड्यावरून पाडत, तो खेळ तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या मास्तराने तुम्हाला शिकवला. तोच आपण टपालाने खेळू.

प्रत्येक धावेला दोन गोष्टी लिहायच्या: भाला कोठे रोखला आणि ढाल कोठे धरली. जागा तीन: डोके, छाती, डावा पाय. घोडे कुंपणाला डावी बाजू देऊन धावतात, म्हणून उजवा पाय खेळात नाही. भाला ढालीवर लागला तर मोडला. उघड्या जागी लागला तर वहिनींनी कवडी टाकायची. उताणी पडली तर स्वार खाली, पालथी पडली तर टिकला. माझी चिठ्ठी लाख लावून वहिनींच्या नावे येईल. तुमची चिठ्ठी हातात आल्याशिवाय त्यांनी माझी फोडू नये. तीनदा पडेल तो हरला.

आता पैज. पुण्याच्या लष्करी इस्पितळाचे पत्र तुम्ही आरशामागे खोचून ठेवले आहे. नवा पाय बसवून घ्यायचा तर १५ मार्चपर्यंत तेथे हजर व्हायचे आहे. दिवाळीत मी चार दिवस घरी होते. तुम्ही चार दिवस गुडघ्यांवरची चादर काढली नाही. मी जिंकले तर तुम्ही मुदतीच्या आत पुण्याला जायचे. तुम्ही जिंकलात तर मी पुण्याचे नाव पुन्हा काढणार नाही, लिहिणार नाही आणि कोणाकरवी निरोपही धाडणार नाही.

वहिनींस नमस्कार. माया आहे तशी असू द्यावी.

आपली
विजयमाला

--

सातारा, ता. १४ जानेवारी १९४६

चि. माला हीस
हंबीररावाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले. पत्र आहे की पलटणीचा हुकूम हे कळायला दोनदा वाचावे लागले. पट मात्र झकास. तुझी वहिनी स्वारांकडे बघून म्हणाली, घोड्यावर पिठाचे डबे बसवल्यागत दिसत्यात. तेव्हापासून तुझ्या स्वाराचे नाव डबा. माझ्याला ती काही म्हणत नाही, नवऱ्याचा आहे म्हणून.

त्या मास्तराचे डोळे सुरुंगात गेले होते. तो स्वार बोटांनी चाचपून खेळायचा आणि मला हरवायचा. त्याच्याशी खेळताना मला बरे वाटे, कारण त्याला माझा पाय दिसत नसे.

पैज मान्य. पण तू एक ध्यानात घे. जहाजावर, मुंबईत, सगळीकडे कोणीतरी येऊन चादर वर करून फीत लावायचे आणि आकडे लिहायचे. तेवढ्यापुरते मी माणूस नसायचो. ते पुन्हा मला नको. टकटक वाजणारा पाय घेऊन पेठेतून जायचे आणि लोकांनी बाजूला सरून वाट द्यायची, तेही नको. म्हणून मी हरणार नाही.

पहिल्या धावेत माझा भाला तुझ्या ढालीवर मोडला. तुझा माझ्या डोक्याला लागला, पण कवडी पालथी पडली. वहिनीवर फितुरीचा आळ घेऊ नकोस. ती तुझ्याच बाजूची आहे आणि लपवतही नाही.

प्रकृतीस जप. आठवण ठेवतेस तशी ठेव.

तुझा
दादा

--

सांगली, ता. २४ फेब्रुवारी १९४६

ती. स्व. दादांस,
विजयमालेचा शि. सा. न. वि. वि.

सात धावा झाल्या. तुम्ही दोनदा पडलात, मीही दोनदा. मुदतीला एकोणीस दिवस उरले आहेत. आठवी धाव शेवटची ठरू शकते, म्हणून काल मी सगळ्या चिठ्ठ्यांचा तक्ता मांडला.

तुमचा भाला कधी डोक्याकडे, कधी छातीकडे, कधी पायाकडे जातो. त्यात काही नियम सापडत नाही. ढालीत सापडतो. सातही वेळा तुम्ही ढाल डाव्या पायावर धरली आहे. डोके आणि छाती सातही वेळा उघडी आहेत. मी जिंकायला हवे होते; कवडीने तुम्हाला वाचवले.

हे मला कळले आहे आणि तुम्हाला माहीत नाही, अशा स्थितीत भाला मारणे मला बरोबर वाटत नाही. जी जागा तुम्ही झाकता ती का झाकता हे मला ठाऊक आहे. त्याचा फायदा घेऊन मी तुम्हाला पुण्याला पाठवले तर तुम्ही जाल, पण मला क्षमा करणार नाही. म्हणून सांगते. आठव्या धावेत माझा भाला तुमच्या डोक्याकडे येईल. हा डावपेच नाही. वहिनींच्या पाकिटातली चिठ्ठी आताच बंद केली आहे आणि तीत तसेच लिहिले आहे. माझी ढाल कोठे आहे ते सांगत नाही.

तुम्ही काय करावे हे मी सुचवणार नाही.

इकडे उकाडा सुरू झाला आहे. शाई निबावर वाळते. राग आला तरी पत्र पाठवावे.

आपली
विजयमाला

--

सातारा, ता. १ मार्च १९४६

सौभाग्यकांक्षिणी मालावन्सं ह्यास्नी
चंद्राबाईचा नमस्कार.

वन्सं, मी चारच बुकं शिकल्याली, तवा अक्षरं वाकडी दिसतील. ह्यास्नी ल्ह्या म्हटलं तर त्ये भिताडाकडं बघून बसल्यात. म्हणून मीच लिवत्ये.

तुमचं पत्र वाचलं आन् ह्येंनी दोन दीस खेळाचं नाव काढलं न्हाई. मी म्हटलं, आवं, वन्सं खोटं लिवायच्या न्हाईत. तर म्हणले, लढाईत समदीच खरं बोलत्यात व्हय? तिनं डोकं म्हणायचं, मी ढाल वर न्यायची, आन् भाला यायचा पायावर. मी म्हटलं, मग ऱ्हाऊ द्या ढाल खालीच, कोन काय म्हणतंय. मग चिठ्ठी ल्ह्याली, फाडली. दुसरी ल्ह्याली आन् माझ्या हातात दिली.

मी दोनी फोडल्या. तुमची हुती: भाला डोकं, ढाल डावा पाय. ह्येंची हुती: भाला छाती, ढाल डोकं. तुमचा भाला ढालीवर मोडला. धाव बरुबरीत सुटली म्हून मी देवाला हात जोडाय लागल्ये, तर ह्ये म्हणले, थांब, तिची छाती उघडी कशी. सातदा ढाल छातीवर धरल्याली पोरगी. मी मुद्दाम तिथं भाला नेला, ढालीवर मोडावा म्हणून.

मला कवडी टाकू दीनात. हात पुढं करून म्हणले, ऱ्हाऊ दे चंद्रा. मी म्हटलं, तुमच्याच भनीचा कायदा हाय. औंधाच्या यमाईचं नाव घेतलं आन् टाकली. पाटाखाली गेली. मी वाकून बघितली, उताणी. ह्यास्नी तिथनं दिसत न्हवती. बोट लावलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पर लावलं न्हाई, वन्सं. तुमी येवढं खरं लिवलंत, मग मी कशी लावू.

ह्ये जिंकलं. जिंकल्यालं मानूस असं बसत न्हाई. तुमचा डबा उचलून सारका घोड्यावर ठिवत्यात, आन् त्यो काय ऱ्हाईना.

चुकलं तर पोटात घाला.

तुमची वहिनी
चंद्रा

--

सांगली, ता. ५ मार्च १९४६

ती. स्व. दादांस,
विजयमालेचा शि. सा. न. वि. वि.

वहिनींचे पत्र मिळाले. निकाल मान्य आहे. कवडी त्यांनी होती तशी सांगितली याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगावा.

माझी छाती उघडी का होती, याचा खुलासा करते. तुमचा तक्ता मांडल्यावर मी माझाही मांडला. सातही वेळा ढाल छातीवर. दुसऱ्याची खोड लिहून कळवायची आणि आपली तशीच ठेवायची हे मला पटले नाही. म्हणून एकदा ढाल तुम्ही धरता तेथे धरून पाहिली. तुम्ही माझी खोड आधीच ओळखली असेल आणि भाला वाया जावा म्हणून तेथेच माराल, हे माझ्या लक्षात आले नाही. ती चूक माझी.

ठरल्याप्रमाणे मी एका गावाचे नाव लिहिणार नाही. या पत्रात ते नाही आणि पुढच्या पत्रांतही नसेल.

पंपाच्या नव्या नकाशाचे काम जोरात आहे. पट गुंडाळून ठेवावा, घडी घालू नये. घडीवर रेषा तुटतात. दुसरे लिहिण्यासारखे काही नाही. माझ्यावरचा जीव कमी करू नये.

आपली
विजयमाला

--

पुणे, ता. १४ मार्च १९४६

चि. माला हीस
हंबीररावाचे अनेक आशीर्वाद.

गावाचे नाव वर मी लिहिले आहे. तू लिहू नकोस. पैजेत बंदी तुझ्या तोंडाला होती, माझ्या येण्याजाण्याला नव्हती. कायदा तूच लिहिलास, तेव्हा आता तक्रार करू नकोस.

मला पैज हरून यायचे नव्हते, आणि खरे सांगणाऱ्या तुला पाडून जिंकायचेही नव्हते. म्हणून ती धाव फुकट घालवायला बघत होतो, आणि तू भलतीकडे ढाल नेलीस. जिंकल्यावर आठ दिवस घरात बसून पाहिले. अन्न गोड लागेना. तू डोके म्हणालीस आणि डोक्यावरच आलीस. ढाल वर नेली तेव्हा पाय उघडा पडला, आणि तेथे कोणी काही मारले नाही. हे वहिनीला सांगू शकलो नाही, म्हणून तुला लिहितो.

साताऱ्याहून सर्व्हिस मोटारीने आलो. वहिनी बरोबर आहे. ड्रायव्हरने पुढची जागा दिली, ती घेतली. खंबाटकीच्या घाटात वहिनीला मळमळले, आणि धर धर म्हणत तिला सांभाळायचे काम माझ्याकडे आले.

आज सकाळी मापे घेतली. फीतवाला तुझ्यासारखाच, आकड्यांना पक्का. तो चादरीला हात घालणार, इतक्यात मीच ती बाजूला केली. मग त्याच्याकडून आकडे मागून घेतले आणि सोबतच्या कागदावर उतरवले आहेत. गुडघ्याखालचा घेर एका जागी मला चुकीचा वाटतो. तू त्यावरून आकृती काढून बघ आणि उलट टपाली कळव. पाय घडवायला त्यांनी अजून घेतलेला नाही.

डबा वहिनीच्या ट्रंकेत आहे. वाट बघतो.

तुझा
दादा