न मोजलेली अंडी

१२ नोव्हेंबर
मुक्ताचं हिमोग्लोबिन पुन्हा खाली. सात रस्त्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. गोळी घेतली की उलटी. "अंडी, मासे, मटण, काहीही द्या. तेविसाव्या वर्षी जिन्यात बसावं लागतं, हे बरं नाही." आमच्या घरात सात पिढ्या कोणी... ते जाऊ दे. सुधा म्हणाली, "पिढ्यांचं मी बघते, पोरीचं तुम्ही बघा." मु.चं उत्तर: खाईन, पण ज्यात सगळ्यात कमी यातना, तेच.

१३ नोव्हें.
मु.ने तक्ता केला. रकाने: प्राणी किती दिवस जगतो, अन्न किती किलो देतो, जगणं कसं (दहापैकी). त्यावरून किलोमागे यातनेचे दिवस. आकडे कोणी आणायचे? "बाबा, तुम्ही बातमीदार ना. जिल्हाभर फिरता." हे घरात प्रथमच कोणी मान्य केलं, तेही असल्या कामासाठी. पाठशाळेत याला काकदंतपरीक्षा म्हणत: कावळ्याचे दात तपासत बसणं. सांगितलं तिला. म्हणाली, "कावळा यादीत नाहीये."

१५ नोव्हें.
मोहोळ रोडची पोल्ट्री. कोंबडी किती जगते? मालक: "चाळीस-बेचाळीस दिवस." नाही, ठेवली तर? म्हातारी होईपर्यंत? "सायेब, म्हातारी कोंबडी मी बगितलीच न्हाय की." वजन दोन किलो. आणि जगणं, दहापैकी? त्याने शेडकडे पाहिलं, मग फोन कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

१७ नोव्हें.
उजनी धरणाकाठी पाणी उपसणाऱ्या मोटारींच्या बातमीसाठी गेलो, ती राहिली. जाळं सोडवणाऱ्या बाईंना चिलापी माशाचं वय विचारलं. "जन्माचा दाखला काडला न्हाय अजून." किलोला पाच-सहा बसतात. म्हणजे एका बोकडाऐवजी माशांचं गावच्या गाव. मु. फोनवर: "पण मोकळे पोहतात ना?" हो. आणि टोपलीत बराच वेळ तोंड उघडझाप करतात. "त्याला रकानाच नाहीये," म्हणाली, आणि रडली. सु.ने फोन घेतला. "अहो, हे बघायला कोणी सांगितलं होतं?" तुम्ही दोघींनी.

१८ नोव्हें.
जनावर जितकं मोठं, तितका किलोमागचा आकडा लहान. गणिताने सर्वांत निर्दोष ठरली म्हैस. हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरात उच्चारलं गेलं. सु.ची पोळी करपली. म्हैस बहुमताने बाद. जेवणात मु.ने अर्धी भाकरी घेतली. तीही संपवली नाही.

२० नोव्हें.
सांगोल्याकडे. ताराबाई, शेळ्या-मेंढ्या राखतात. किती आहेत विचारलं, तर काठीने एक शेळी वळवायला लागल्या. कळप मोजू नये, दृष्ट लागते. इतकी वर्षं फिरून मला हे ठाऊक असायला हवं होतं. पेनाच्या टोकाने मोजायला लागलो, ते त्यांनी पाहिलं. "ओ मास्तर, प्येन खाली." मग सगळं सांगावं लागलं: मुलगी, तक्ता, यातना. "आन पोरगी किती दिस उपाशी हाय? ते लिवलंय का त्यात?"
नव्हतं.
निघताना डबाभर ज्वारीत अंडी खोचून दिली, अंगणात हिंडणाऱ्या कोंबड्यांची. "मोजायची न्हाईत." मोजली नाहीत.

२१ नोव्हें.
काल घरी आल्यावर ताराबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आज तक्त्याच्या तळाशी सु.च्या अक्षरात नवी ओळ: मुक्ता. वय तेवीस. अन्न: काही नाही. यातना: आईला विचारा.
मु. म्हणाली, "याला गणित म्हणत नाहीत." पण खोडली नाही. दुपारी आली. "बाबा, ताराबाई कोंबडीला म्हातारी होऊ देतात का?" विचारायचं राहिलं. "तुम्ही कसले बातमीदार." चला, मान्यता काढून घेतली.

२३ नोव्हें.
सकाळी गॅलरीत विजेच्या शेगडीवर चहाचं जुनं, बाद केलेलं पातेलं. ओलं. सु. म्हणते, "मी नाही हो." मु. क्लासला गेलेली. डबा उघडून ज्वारीत बोटं घातली: सात.
आधी किती होती? मी मोजली नव्हती, सु.ने मोजली नव्हती. उभ्या हयातीत सांगितलेलं एकदाच ऐकलं, ते हे.
संध्याकाळी मु.ला विचारावं म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पेन खाली.
रक्त सोमवारी तपासायचं. तोवर एवढंच ठाऊक: उरलेली सात.