उधाणखडीच्या खडकावरील सोबतीबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी साहेब,
ग्रामपंचायत उधाणखडी, जि. रायगड

अर्जदार : श्रीमती संजीवनी दादू ओव्हाळ, वय ६७, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका,
मु. पो. मार्गासनी, ता. राजगड (वेल्हे), जि. पुणे

विषय : किनारा रक्षक श्री. सोमनाथ चोगले यांस दिलेली कारणे दाखवा नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : खडकाच्या वाटेवरील आपला फलक, 'एकट्या व्यक्तीस पुढे जाण्यास सक्त मनाई'.

महोदय,

ज्या एकट्या व्यक्तीमुळे सदर फलक लावावा लागला, ती व्यक्ती मीच आहे. म्हणून सर्व हकीकत खरी खरी लिहून देत आहे.

१. मी चौतीस वर्षे अंगणवाडीत नोकरी केली. पती वारून नऊ वर्षे झाली. मुलगा धम्मदीप पुण्यात कंपनीत आहे, दर शनिवारी न चुकता फोन करतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या बचत गटाची सहल आपल्या किनाऱ्यावर आली होती. पुण्याहून लोक गाड्या घेऊन सकाळी निघतात आणि जेवणाच्या वेळेला तिथे पोचतात, असा तो सोयीचा किनारा. पण लाटा फार दांडग्या. काळ्या खडकावर लाट फुटली की शेजारच्याचे बोलणे कानावर येत नाही. मी सहज "गोरख" असे म्हणून पाहिले. शेजारी बसलेल्या रतनबाईला ऐकू गेले नाही. मग मोठ्याने म्हटले, तरी नाही. गोरख हा माझ्या २००६ सालच्या हजेरीतला पहिला मुलगा. त्या वर्षीची बावीस नावे मला अजून पाठ आहेत. घरी एकदा म्हणून पाहिली होती, तर शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "कोण पाव्हणं आलंत गं?" त्यानंतर घरी म्हटली नाहीत.

२. पावसाळ्याचे महिने सोडून मी दर महिन्याला एका रविवारी येत गेले. मार्गासनीहून पहाटेची एसटी, नसरापूरला बदल, पुढे भोर, वरंधा घाट, महाड, आणि तिथून वडापची जीप. बाराला पोचायचे, अडीचला परत फिरायचे. मध्ये खडकावर बसून हजेरी घ्यायची. चौतीस वर्षे रोज ओरडलेला गळा घरात मिटून बसला होता, तो तिथे मोकळा व्हायचा. पाण्यात मी कधी उतरले नाही.

३. दि. १४ डिसेंबर रोजी श्री. सोमनाथ यांनी मला समुद्राकडे तोंड करून नावे पुकारताना पाहिले. ते धावत आले. "मावशी, कुणाला हाका मारताय? कोण बुडालं?" मी म्हटले, "कुनी न्हाई बुडालं. हजेरी घेतीया." त्यांनी शिट्टी फुंकली. फळ्यांवर उभे राहून लाटा चढणारी पुण्याची मुले बाहेर आली आणि एकमेकांना मोजू लागली. सगळे जागेवर होते. मला आपल्या कार्यालयात बसवले, मुलाला फोन केला. तो चार तासांत गाडी घेऊन आला. परत येताना भोरला चहाच्या टपरीवर म्हणाला, "आई, तुला कमी काय हाय, सांग की." चहा पिऊन निघालो.

४. दि. ११ जानेवारी रोजी आले तेव्हा सदर फलक लागला होता. मी डॉक्टरांकडून मनःस्थिती उत्तम असल्याचा दाखला नेला होता. तो चालला नाही, सोबत माणूसच पाहिजे असे सांगितले. फळीवाला एक मुलगा एकटाच आला, 'जबाबदारी माझी' अशा फॉर्मवर सही करून खोल पाण्यात गेला. मीही फॉर्म मागितला. त्यात 'पोहता येते का' असा प्रश्न होता. मी 'नाही' लिहिले आणि 'बसता येते' असे पुढे जोडले. फॉर्म परत मिळाला. शेवटी एका पुणेरी कुटुंबाने मला आपल्यात घेतले. त्यांना ऊन सोसेना, पंधरा मिनिटांत ते उठले. सोबत उठली म्हणून मलाही उठावे लागले. त्या दिवशी तीनच नावे झाली.

५. दि. ८ फेब्रुवारी रोजी मी फलकापाशीच बसून राहिले. श्री. सोमनाथ आले आणि म्हणाले, "चला मावशी, मी येतो. मग तुम्ही एकट्या कशा?" खडकाशी आल्यावर मी नावे घ्यायची सोडून त्यांच्याकडेच पाहत राहिले. ते ओळखून वीस पावले मागे गेले आणि पाठ करून उभे राहिले. मी बावीस नावे पूर्ण केली. वळून पाहिले तर ते चहाचा थर्मास उघडत होते. म्हणाले, "मावशी, ही पोरं आता कुठं असतात?"

साहेब, हे मला आजवर कोणी विचारले नव्हते. मी सांगू लागले. गोरख किकवीला टेम्पो चालवतो. वैष्णवी नर्स झाली. स्वरूप पानशेतला हॉटेलात आहे, मला ओळखत नाही, पण वाढताना भात जास्त वाढतो. राजनंदिनी रोज डब्यातली अर्धी भाकरी मला द्यायची, ती आता दिल्लीला असते. असे मी बावीसही जणांचे सांगितले. ते मध्ये मध्ये "मग?" म्हणत होते, म्हणून थांबणे झाले नाही.

६. काल, दि. १ मार्च रोजी, किनारा रक्षकाच्या मनोऱ्यावर दुसरे गृहस्थ होते. चाळीस मिनिटे जागा सोडल्याबद्दल श्री. सोमनाथ यांना घरी बसवून नोटीस दिल्याचे या गृहस्थांकडून समजले. त्या चाळीस मिनिटांत बोलणारी मी एकटी होते. ते उठू लागले तेव्हा मीच "बसा की वाईच" म्हणून त्यांना दोनदा बसवले. तरी ती चाळीस मिनिटे माझ्या नावावर धरावीत.

श्री. सोमनाथ यांना कामावर घ्यावे. फलक आहे तिथे राहू द्यावा. मी यापुढे उधाणखडीस येणार नाही, असे या अर्जाने लिहून देते.

आपला निर्णय कृपया फोनवर कळवू नये. स्पीड पोस्टाने पाठवावा. त्याला सही लागते, त्यामुळे पोस्टमनला दारात थोडा वेळ थांबावे लागते.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
संजीवनी दादू ओव्हाळ
मार्गासनी, दि. २ मार्च २०२६