सकाळी सहा-दहाचा पाहुणा

१२ एप्रिल, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. कारण तांत्रिक आहे. कामाची नोंद ठेवावी असं पुस्तकात लिहिलंय. पुस्तक लायब्ररीच्या सेलमधून आणलं. पहिली चाळीस पानं कोणीतरी वाचून मळवलेली, पुढची कोरी करकरीत. मी शेवटपर्यंत जाणार.

प्रकल्प: बायकोच्या, डोरीनच्या, जुन्या लॅपटॉपवर, तळघरात, हलका वेब सर्व्हर बसवणे. जड सर्व्हर मोठ्या कंपन्यांना लागतात. एकट्या माणसाला हलका पुरे. त्यावर आमच्या कॅम्पची, म्हणजे सुट्टीतल्या लाकडी घराची, वेबसाइट. तलावाकाठच्या कॅम्पवर जो येतो तो वहीत लिहितो: तारीख, हवा, कोण कोण आलं, किती मासे. एकोणतीस वर्षांच्या सात वह्या आहेत. बहुतेक अक्षर डोरीनचं. त्या टाइप करून चढवायच्या. शिवाय एक कॅलेंडर. ज्याला कॅम्पवर यायचंय त्याने आपल्या तारखेवर नाव घालावं.

याचा लेकीशी, कायसाशी, काही संबंध नाही. बघायचं तर तिने खुशाल बघावं. दोन वर्षांपूर्वी, आईचा अंत्यविधी झाल्यावर, वह्या माझ्या घरी, टूसॉनला, घेऊन जाते म्हणाली. मी म्हणालो, त्या मिशिगनमधून हलणार नाहीत. ती ठरल्यापेक्षा एक दिवस आधी विमानात बसली. आता फोन तिने करायचा असं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय.

वेळापत्रक: सर्व्हर उद्यापर्यंत. वह्या महिनाअखेर. ४ जुलैला सगळे कॅम्पवर.

१३ एप्रिल
झाला. दहा मिनिटांत. ब्राउझर उघडला तर पानावर लिहिलेलं, अभिनंदन, तुमचा सर्व्हर चालू आहे. रोड कमिशनमध्ये एकतीस वर्षं बर्फ हटवायच्या गाड्या सोडल्या, कोणी अभिनंदन केलं नाही.

शेजारच्या बर्निस पाकेटला बोलावून दाखवलं. अंगातला कोट न काढता पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, वेगळंच आहे हो आर्वो. बर्निस सहसा इतकी भारावत नाही.

१४ एप्रिल
पुस्तकाचा सल्ला: सर्व्हर जिवंत आहे का हे रोज आपोआप तपासावं. तशी सोय केली. दररोज सकाळी ६:१० ला एक छोटा प्रोग्रॅम पहिलं पान मागून बघेल. ६:१० अशासाठी की डोरीन त्या वेळी कॉफी ठेवायची आणि मला अजून तेव्हाच जाग येते. हे काम एकदा केलं की विसरून जायचं असतं. उत्तम.

१९ एप्रिल
अभिनंदनाचं पान काढून माझं पान ठेवलं. आता ४०३ येतं. ४०३ म्हणजे मनाई. माझं घर, माझं तळघर, माझ्या बायकोचा लॅपटॉप, आणि मलाच मनाई.

२३ एप्रिल
अजून मनाई. कॉन्फिग फाइल अकरा वेळा बदलली. काय बदललं ते लिहून ठेवायला हवं होतं. उद्यापासून.

२५ एप्रिल
उलगडलं. फोल्डर माझं आहे, पण सर्व्हर हा वेगळा इसम धरतात. त्याला माझ्या फोल्डरमध्ये यायची परवानगी मी दिलीच नव्हती. मग सगळ्यांनाच दिली, कोणीही यावं. असं कधीही करू नका, असं पुस्तकात ठळक अक्षरात आहे. पण लेखकाला आमच्याकडची वर्दळ माहीत नाही.

२७ एप्रिल
तळघरात वास. सर्व्हरसाठी जो प्लग काढला होता तो डीप फ्रीझरचा होता. हरणाचं सगळं मांस गेलं. प्रत्येक मोठ्या कामात थोडी हानी होतेच. तलाव अजून गोठलेला, नाहीतर मांस तिथेच ठेवता आलं असतं.

३ मे
सातपैकी एक वही झाली. टायपिंग अवघड नाही, वाचत बसणं नडतं. १९९१ सालची ७ जुलै, डोरीनच्या अक्षरात: कायसाने पहिला मासा पकडला आणि रडून परत पाण्यात सोडायला लावला. आर्वो रुसला.

मी रुसलो नव्हतो. वारा होता म्हणून होडीत गप्प होतो. ते शेवटचं वाक्य वेबसाइटवर घेतलं नाही. संपादन करावं लागतं.

१० मे
कसून चाचणी. फोनवरून वेबसाइट उघडली. स्वयंपाकघरात चालते. वरच्या मजल्यावर चालते. गॅरेजमध्ये चालते. अंगणात थंडीत उभा राहून उघडली, तिथेही चालते. पत्रपेटीपाशी जरा दमाने. रस्त्याच्या टोकाला चालली नाही, पण त्या टोकाला काहीच नीट चालत नाही. निष्कर्ष: वेबसाइट जगात कुठूनही उघडते.

१७ मे
पोस्टकार्डं छापून आणली. वर कॅम्पचा फोटो, खाली पत्ता: १९२.१६८.१.१४. नाव वगैरे घ्यायच्या भानगडीत पडलो नाही, आकडे जास्त भारदस्त दिसतात. चर्चच्या कॉफीला वीस वाटली. को-ऑप दुकानाच्या बोर्डावर दोन लावली. ट्रेगियरला हातात दिलं. तो टेलिफोन कंपनीत तीस वर्षं खांबांवर चढायचा, त्याला या गोष्टी कळतात.

एक टूसॉनला पाठवलं. वर मजकूर लिहिला नाही. मजकूर म्हणजे माघार. नुसता पत्ता पाठवला म्हणजे ती माहिती झाली.

सर्व्हरची जुनी नोंदवही पुसून टाकली. तिला लॉग म्हणतात. कोण आलं, किती वाजता आलं, सगळं आपोआप लिहिलं जातं. आमच्या कॅम्पच्या वहीसारखंच, फक्त मासे नाहीत.

२२ मे
आज लॉग उघडला. माझ्या फोनच्या नोंदी ओळखता येतात. त्या सोडून एक पाहुणा आहे. १२७ आकड्याचा. १८ तारखेपासून रोज, न चुकता, सकाळी ६:१० ला.

पोस्ट खातं हल्ली फारच जलद झालंय.

२५ मे
नीट विचार केला. आमचे ६:१० म्हणजे टूसॉनला पहाटेचे ३:१०. कायसा नर्स आहे, रात्रपाळी करते. तीनच्या सुमारास त्यांना चहापाण्याची सुट्टी होत असणार. तेव्हा एका कोपऱ्यात बसून बघते. एकच पान बघते, कॅलेंडरला हात लावत नाही, निघून जाते. अगदी आईवर गेलीय. डोरीनही भांडण झाल्यावर दारातून डोकावून जायची.

चर्चमध्ये सगळ्यांना विचारलं, वेबसाइट पाहिली का. सगळे म्हणाले, वेगळीच आहे हो. एकमताने.

१ जून
पहिलं पान आता रोज बदलतो. तिला तेवढंच बघायला वेळ असतो. आज लिहिलं: तलाव मोकळा झाला. धक्क्याच्या दोन फळ्या बदलल्या. सौनाची, वाफेच्या न्हाणीची, शेगडी साफ केली. टिल्डासाठी लहान लाइफ जॅकेट आणलं, लाल. नात सात वर्षांची आहे हे गृहीत धरलं.

सकाळी ६:१०, भेट. खूप दिवसांनी सूप उरवलं नाही.

८ जून, सकाळी ११
फोनवर कायसाचा निरोप होता. मी तळघरात होतो. म्हणते, बाबा, कार्ड मिळालं, त्यावर नुसते आकडे आहेत, ते उघडत नाही, हे काय आहे, तू बरा आहेस ना, फोन कर.

उघडत नाही म्हणे. बावीस दिवस रोज उघडतेय, माझ्याकडे लेखी आहे. फोन करायला निमित्त हवं होतं, एवढंच. तिचा तोरा मी ओळखतो, घरचाच आहे. लगेच फोन केला तर अवघडून येणं बंद करेल. नकोच. पानावरच उत्तर देऊ.

निरोप सहा वेळा ऐकला. आवाज तपासायला.

१५ जून
पान लिहायला चार तास लागले. शेवटी असं ठेवलं: कायसा, वह्या तू घेऊन जा. मी नाही म्हणालो कारण घरात तेवढंच तिचं अक्षर उरलं होतं. चूक माझी होती. ४ जुलैला ये. बाबा.

वर ते १९९१ चं वाक्य परत घातलं. आर्वो रुसला. रुसलो होतो.

१६ जून
६:१०. आली. वाचलं असणार. मला एकदम हलकं वाटलं आणि मग जरा वेळ तळघराच्या पायरीवरच बसून राहिलो.

आज दुसरा निरोपही होता. बाबा, रजेचं विचारायचंय, फोन कर. रजेचं. म्हणजे झालंच की. कॅलेंडरवर नाव घालायचं सोडून विचारायचं काय त्यात.

२१ जून
कॅलेंडर अजून रिकामं. चालतं की नाही बघायला हवं. चाचणीसाठी ४ जुलैवर नाव घातलं: कायसा आणि टिल्डा. व्यवस्थित दिसतं. याला टेस्ट डेटा म्हणतात. काम झालं की काढून टाकायचा असतो.

सौनाला एकटाच. दोन माणसांचं पाणी तापवलं.

१ जुलै
कॅलेंडर पाहिलं. ४ जुलै, कायसा आणि टिल्डा. बर्निसला आठ पास्टी, मांस भरलेल्या मोठ्या करंज्या, सांगितल्या, दोनमध्ये रुटाबागाचा कंद नको असं बजावलं, लहान मुलं खात नाहीत. बर्निसने विचारलं, कोण येतंय. मी म्हणालो, वेबसाइटवर आहे. तिने पास्टी लिहून घेतल्या.

४ जुलै, कॅम्प
सकाळपासून धक्क्यावर. हवा स्वच्छ, नैर्ऋत्येचा वारा, मासे नाहीत. दुपारी तीनपर्यंत कोणी नाही. चार वाजता होडीचा आवाज आला म्हणून उठलो. ट्रेगियर होता.

पास्टी खाताना त्याने पाकिटातून माझं कार्ड काढलं. म्हणाला, अरे आर्वो, हे सांगायचं मे महिन्यापासून राहतंय. हा आकडा घरातला आहे. असले आकडे प्रत्येक घरात असतात, बाहेर त्यांना कोणी विचारत नाही. तू सगळ्या गावाला इंटरकॉमचा नंबर वाटलास. माझ्या घरी हा आकडा टाकला की माझा प्रिंटर उघडतो. मला वाटलं, तुझी वेबसाइट म्हणजे शाई किती उरली ते दाखवणारी.

मी विचारलं, मग बोलला का नाहीस. तर म्हणतो, तू इतका खूश होतास रे. कोण सांगणार. बर्निसलाही कधी उघडली नाही. कोणालाच नाही.

मी १२७ वाल्याबद्दल विचारलं. रोज ६:१० ला येतो म्हटलं. ट्रेगियरने हातातली पास्टी खाली ठेवली. म्हणाला, १२७ म्हणजे तो कंप्युटर स्वतःच. सकाळी सहा-दहाला तो स्वतःलाच फोन लावतोय. तूच काहीतरी लावून ठेवलं असशील.

१४ एप्रिल. रोजनिशीत तूच लिहिलंयस, आर्वो.

लाल जॅकेट खुंटीवर आहे. वहीत आजची नोंद केली. कोण कोण आलं: ट्रेगियर.

५ जुलै, सकाळी १०
घरी येऊन फोन केला. तिने लगेच उचलला. मागे पोरांचा गलका. ती सासूकडे आहे, सॅन दिएगोला, सुट्टी तिकडेच काढली. म्हणाली, बाबा, मी दोनदा निरोप ठेवला. रजा तुझ्यासाठीच टाकली होती. तू फोनच केला नाहीस. मला वाटलं, तुला अजून बोलायचं नाहीये.

मग विचारलं, त्या आकड्यांत होतं तरी काय.

पान पुढ्यातच उघडं होतं. सात ओळी, वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी म्हणालो, विशेष काही नाही, सर्व्हरची टेस्ट घेत होतो. ती म्हणाली, मग झाली का पास. मी म्हणालो, हो. तिला कोणीतरी हाक मारली. म्हणाली, ठेवते बाबा, जेवत जा वेळेवर.

६ जुलै
तपासणीचा प्रोग्रॅम काढून टाकला. स्वतःची फसवणूक चालणार नाही. पुढच्या आठवड्यात बाहेरून उघडेल असा पत्ता घेणार. पुस्तकात पान ४१ वर दिलंय कसं ते. तिथपर्यंत मी पोहोचलोच नव्हतो.

७ जुलै
लॉग उघडला. आजचा कोरा.

८ जुलै
कोरा. कॉफी दोन कप झाली, सवयीने.

९ जुलै, सकाळी ६:१५
तपासणी परत चालू केली. सर्व्हर आहे म्हटल्यावर तपासणी हवीच, पुस्तकातच तसं लिहिलंय. ६:१०. एक भेट. पान पूर्ण मिळालं.